आधी जीव, मग ओळखपत्र: तटरक्षक दलाच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय तटरक्षक दल, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

१९७८ च्या तटरक्षक कायद्यातलं कलम १४ आमच्या किनाऱ्यावर फारसं कुणी वाचलेलं नाही. दलाने काय काय करायचं, ते त्यात ओळीने लिहिलं आहे. समुद्रातले तेलाचे फलाट आणि इतर बांधकामं सांभाळणं पहिलं. लगेच दुसऱ्या जागी मच्छीमारांचं रक्षण, आणि तिथे कायदा ‘रक्षण’ एवढंच म्हणून थांबत नाही. समुद्रात संकटात सापडलेल्या मच्छीमाराला मदत करणं हेही त्याच ओळीत स्पष्ट घातलं आहे. पुढे प्रदूषण, तस्करी रोखायला कस्टम्सला साथ, सागरी हद्दीतल्या कायद्यांची अंमलबजावणी, आणि शेवटी जीवित-वित्ताची सुरक्षितता व शास्त्रीय माहिती गोळा करणं.

या यादीतल्या दुसऱ्या कामाबद्दल हे पत्र आहे. समुद्रात जीव वाचवण्यात दल कुचराई करतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. म्हणणं असं, की कोकणातल्या मासेमारी नौकेची तुमच्या जहाजाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा कागद तपासण्यापुरती. परवाना, नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, मोजणी, आणि मग ‘जा’. ज्याच्याशी एवढंच बोलणं होतं तो तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, संकटात हाक मारायला उशीर करतो. समुद्रात काही वावगं दिसलं तरी ‘आपल्याला काय करायचंय, उद्या आपल्यालाच चौकशीला बसवतील’ म्हणून गप्प राहतो. यात नुकसान दोघांचंही आहे.

दल जन्माला आलं ते पहाऱ्याच्या गरजेतून, हे मान्य. साठ-सत्तरच्या दशकात सोनं, घड्याळं, परदेशी कापड पश्चिम किनाऱ्यावर उतरत होतं. कस्टम्सच्या बोटी पुऱ्या पडत नव्हत्या आणि त्या कामाला लढाऊ जहाजं जुंपणं नौदलाला परवडणारं नव्हतं. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं. १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र आपलं ठरलं, म्हणजे राखायला वीस लाख चौरस किलोमीटर समुद्र आला. रुस्तमजी समितीने वेगळ्या दलाची शिफारस केली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती बोटी घेऊन काम सुरू झालं. आज दलाकडे लहानमोठी दीडशेच्या आसपास जहाजं आहेत आणि स्थापनेपासून अकरा हजारांहून अधिक माणसांचे जीव दलाने वाचवले आहेत. हे मोठं काम आहे. किनाऱ्यावर त्याची जाण आहे.

मग २००८ आलं. त्याआधी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली होती, तेव्हाच जागं व्हायला हवं होतं; ‘ऑपरेशन स्वान’ नावाची संयुक्त गस्त सुरूही झाली होती. पण खरा बदल झाला तो २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर. किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची जबाबदारी आपल्याकडे आली. नौकांना राज्यवार रंग ठरले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, किनारी सुरक्षेचे ‘सागर कवच’ सराव होऊ लागले. यातलं काहीही नको होतं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही.

पण त्या हल्ल्याचा हिशेब मच्छीमारांच्या बाजूने मांडून पाहा. त्याचे पहिले बळी होते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मासेमारी नौकेवरचे खलाशी. त्यांना आधी संपवलं, तांडेलाला नौका हाकण्यापुरतं जिवंत ठेवलं आणि मुंबई दिसू लागल्यावर त्यालाही मारलं. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडी लागली, तेव्हा ‘तुम्ही कोण, कुठले’ असं हटकलं तेही तिथल्या कोळी माणसांनीच. त्यानंतर जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात मात्र मासेमारी नौका ही सर्वांत आधी संशयाची वस्तू ठरली. मेले ते मच्छीमार, ओळख पटवायची तीही त्यांनीच.

समुद्रावरची नजर नुसत्या यंत्रांची असत नाही, याचे दाखले आमच्याच किनाऱ्यावर आहेत. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं ‘पवित’ हे टँकर जहाज वाहत वाहत ३१ जुलै २०११ रोजी थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. तेव्हा रडारची साखळी पूर्ण झाली नव्हती, असं म्हणता येईल. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली, आत एके-४७ रायफली. तीही जूनपासून ओमानच्या बाजूने भरकटत आली होती. कट वगैरे काही नव्हता, पण वाळूला टेकेपर्यंत तिला कुणी अडवलं नाही. आणि २०२५ च्या जुलैत उलट झालं: कोर्लईजवळ रडारवर संशयास्पद नौका दिसली म्हणून पोलीस, नौदल, तटरक्षक सगळ्यांची धावपळ झाली आणि निघाली ती पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याची वाहून आलेली बोया, म्हणजे तरंगती खूण.

तिन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. त्या दिवसांत बंदी असते, नाहीतर दर्या खवळलेला असतो, आणि आमच्या नौका शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. एरवी चाळीस वाव खोल पाण्यावर शेकडो माणसं रात्रंदिवस असतात आणि कुठली नौका कुठल्या बंदराची हे त्यांना लांबून बांधणीवरून कळतं. ती माणसं नसली की काय होतं, हे या तीन पावसाळ्यांत दिसलं आहे.

आपल्याच दलाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. १९९९ मध्ये ॲल्युमिनियमच्या लगडी घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघालेलं ‘अलोंद्रा रेनबो’ हे जहाज चाच्यांनी पळवलं, रंग आणि नाव बदललं. आपल्या ‘ताराबाई’ या गस्ती जहाजाने पाठलाग सुरू केला आणि नौदलाच्या ‘प्रहार’च्या साथीने भर समुद्रात ते पकडलं गेलं. दलाच्या सर्वोत्तम कामगिऱ्यांपैकी ही एक. पण जहाजावरच्या मूळ खलाशांना चाच्यांनी तराफ्यात बसवून सोडून दिलं होतं. कित्येक दिवसांनी ते सापडले थायलंडच्या मच्छीमारांना. (पुढे मुंबईत खटला चालला, शिक्षा झाली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले, कारण चाचेगिरीविरुद्ध आपल्याकडे धड कायदाच नव्हता. तो व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. हा दोष अर्थातच दलाचा नाही.)

आता बचावाबद्दल. भारताकडे शोध आणि बचावासाठी सोपवलेला समुद्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथल्या तीन समन्वय केंद्रांतून त्याचा कारभार चालतो. संकटात १५५४ हा क्रमांक फिरवायचा. कागदावर हे उत्तम आहे. पण मोबाइल किनाऱ्यापासून थोड्याच मैलांवर बंद पडतो. व्हीएचएफ रेडिओचा आवाज फार तर वीस-पंचवीस मैल जातो. त्यापलीकडे आधार एकच, उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारं ‘डॅट’ यंत्र. आग, नौका बुडणं, माणूस पाण्यात पडणं, आजारपण, अशी त्यावर बटणं असतात. संदेश बेंगळुरूच्या केंद्रात जातो आणि तिथून तुमच्याकडे. पहिल्या पिढीच्या यंत्रात दोष असा, की संदेश पोहोचला की नाही हे नौकेवर कळायचंच नाही. लाटेत हेलकावणाऱ्या, पाणी भरत चाललेल्या नौकेवर बटण दाबून बसायचं आणि कुणी ऐकलं का याची वाट पाहायची! इस्रोच्या नव्या यंत्रात पोच मिळते, ही फार मोठी सुधारणा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर (नौकेची जागा उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) बसवण्याची योजना सुरू झाली, तीही स्वागतार्ह.

तरी बंदरावर ऐकू येणारे प्रश्न वेगळेच असतात. बटण चुकून दाबलं गेलं तर दंड होईल का? ट्रान्सपॉन्डरमुळे आपण कुठे होतो याचा कागद तयार होईल आणि उद्या तो आपल्याच विरुद्ध वापरला जाईल का? या दोन शंकांचं साधं, लेखी, मराठीतलं उत्तर आपण दिलंत तर यंत्रं चालू राहण्याचं प्रमाण वाढेल, असं मला खात्रीने वाटतं. चुकून आलेल्या हाकेबद्दल कारवाई नाही, आणि बचावासाठी घेतलेली माहिती बचावाखेरीज कशासाठी वापरायची असल्यास त्याचे नियम आधी जाहीर, एवढं पुरे.

भाषेचाही विचार व्हावा. आज रत्नागिरी-रायगडच्या नौकांवर तांडेल मराठी बोलतो, पण खलाशी नेपाळचे असतात, आंध्रचे, ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे. तांडेलच पाण्यात पडला तर १५५४ वर बोलणार कोण आणि कुठल्या भाषेत? वादळापूर्वी तुमची जहाजं आणि विमानं स्थानिक भाषांत सूचना देत फिरतात. ती पद्धत वादळापुरती न ठेवता नौकेवरच्या प्रत्येकाला समजतील अशी चार-पाच ठरावीक वाक्यं आणि खुणा तयार करा. सगळ्या खलाशांना त्या शिकवणं हे आमच्या मच्छीमार सोसायट्यांचं काम, आम्ही ते करू.

११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ कोकण विसरलेलं नाही. त्यात गेलेल्या नौकांवरचे कित्येक खलाशी परतले नाहीत. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या नौका आमच्या देवगडला आसऱ्याला आल्या, तेव्हा पुन्हा तेच दिसलं: इशारा निघाला तेव्हा आठवडे-आठवडे खोल समुद्रात असणाऱ्या नौका केव्हाच बाहेर पडलेल्या होत्या. इशारा देणं आणि तो शेवटच्या नौकेपर्यंत जाणं यात अंतर राहतं. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या राहण्याचा ‘पी-३०५’ बार्ज बुडाला, तेव्हा त्याहून बिकट प्रश्न समोर आला. तिथे इशारा पोहोचला होता. तरी बार्ज समुद्रातच राहिला. २६१ पैकी १८६ माणसं वाचली, बाकीची गेली. नौदलाने आणि आपण त्या लाटांत जे केलं त्याला तोड नाही. पण तेलफलाट आणि त्यांच्या आसपासची सुरक्षितता कलम १४ मध्ये पहिल्या जागी आहे. म्हणून विचारतो: चक्रीवादळ अंगावर येत असताना ‘आता आत या’ असा बंधनकारक हुकूम देण्याचा अधिकार नेमका कुणाचा? कंपनीचा, कप्तानाचा, नौवहन महासंचालकांचा की आपला? उत्तर ‘सगळ्यांचा मिळून’ असं असेल, तर ते कुणाचंच नाही असं समजायचं का?

प्रत्येक मोठ्या बचावानंतर, विशेषतः फसलेल्या बचावानंतर, एक छोटा अहवाल लोकांसमोर यावा अशी माझी मुख्य मागणी आहे. हाक किती वाजता आली, कुठून आली, जहाज किंवा हेलिकॉप्टर किती वाजता निघालं, किती वाजता पोहोचलं, हवामान कसं होतं, काय अडलं. नावं नकोत, गोपनीय काही नको. ब्रिटनमध्ये सागरी अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र शाखा असे अहवाल प्रसिद्ध करते, अगदी छोट्या मासेमारी नौकांचेसुद्धा, आणि ते वाचून लोक शहाणे होतात. आमच्याकडे नौका बुडाली की दोन दिवस बातमी येते, मग नुकसानभरपाईचा अर्ज, मग तलाठी, पंचनामा, आणि का बुडाली हे कुणालाच कळत नाही.

यात आमचे दोष झाकायचे नाहीत. डॅट यंत्र हरवेल म्हणून मालकाच्या कपाटात ठेवलेलं असतं. लाइफ जॅकेट उशाला घेतलेली असतात. चांगली जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून एआयएस (नौकेची जागा इतरांना दाखवणारं यंत्र) बंद केलं जातं. बारा-पंधरा माणसांच्या नौकेवर पोहता येणारे चार निघतात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला तरी ‘एक फेरी मारून येऊ’ म्हणणारे आहेत, कारण डिझेल आणि बर्फ उधारीवर भरलेलं असतं. तुमचे अधिकारी यावर चिडतात ते रास्तच आहे.

आपल्या माणसांनी मोजलेली किंमतही आम्हाला दिसते. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळच्या समुद्रात एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला गेलेलं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यावरचे तिघे गेले. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरच्याच विमानतळावर आणखी एक कोसळलं, पुन्हा तिघे. त्यानंतर ध्रुवचा ताफा काही महिने जमिनीवर राहिला. या काळात पश्चिम किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी हवेतून मदत किती अंतरापर्यंत मिळू शकत होती, हे तांडेलांना कुणीतरी सांगायला हवं होतं. शत्रूला कळेल म्हणून अशी गोष्ट लपवायची असते, हे समजतं. पण मदत येणार नाही हे ठाऊक असेल तर माणूस दहा मैल आत राहून जाळं टाकतो, हेही खरं.

बारा मैलांच्या रेषेबद्दल थोडक्यात. मासेमारीच्या नियमांपुरता आतला समुद्र राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि सागरी पोलिसांचा, पलीकडचा आपला. २०१७ पासून एलईडी दिव्यांनी मासेमारीला बंदी आहे, तरी सिंधुदुर्गाच्या पारंपरिक मच्छीमाराला रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. त्याने कुणाला सांगायचं? एक म्हणतो ते बारा मैलांच्या बाहेर आहे, दुसरा म्हणतो आत आहे, आणि दिवा तोवर सरकलेला असतो. आपल्याकडची १९८१ ची केंद्रीय तरतूद परदेशी नौकांसाठी होती, देशी नौकांसाठी नव्हे, ही अडचण कळते. निदान तक्रार एकाच क्रमांकावर घ्यावी आणि ती कुणाकडे गेली हे तक्रारदाराला कळवावं.

प्रदूषणातही तेच. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ आदळली, तेल पसरलं, कंटेनर तरंगत राहिले आणि मासळीला गिऱ्हाईक उरलं नाही. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा तुम्ही आणि नौदलाने चोवीसच्या चोवीस खलाशी वाचवले, पण प्लास्टिकच्या गोळ्या केरळच्या किनाऱ्यावर पसरल्याच. तेल फुटल्यावर काय करायचं याचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आपल्याच हाती आहे. त्याच्या सरावांत कधी मच्छीमार सोसायटीचा माणूस बसवून पाहा. वारा-पाण्याची दिशा बदलली की कचरा कुठल्या खाडीत शिरतो, हे त्याला नकाशाशिवाय सांगता येतं.

आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांची एक गोष्ट. डहाणू-तलासरीचे तरुण गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात, सागरी सीमेजवळ पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या बदलतात, तेव्हा घरच्यांना खात्री पटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या ‘अग्रिम’ जहाजाने पाकिस्तानी जहाजाचा पाठलाग करून सात मच्छीमार सोडवून आणले. त्या दिवशी किनाऱ्यावर जो आनंद झाला तो कुठल्याही संचलनाने होत नाही. पण नौका सीमेकडे सरकते आहे हे रडारवर दिसत असेल, तर तिला आधीच परत फिरवण्याचा मार्ग हवा. ट्रान्सपॉन्डरचा सर्वांत मोठा उपयोग मला तरी तोच वाटतो.

शेवटची विनंती वेळेबद्दल. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते. तांडेल, खलाशी, मालक सगळे बंदरावर असतात, जाळी विणत, इंजिनं उतरवत. नेपाळ-ओडिशाची माणसं तेवढी गावी गेलेली असतात, ती जुलैअखेरीस परततात. आपले मच्छीमार संवाद कार्यक्रम हंगामात सकाळी अकराला होतात, तेव्हा त्या खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं ते आपल्या अधिकाऱ्यांना विचारा. त्याऐवजी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या. डहाणू, मुरूड, रत्नागिरीच्या तळांवरून आपली एक-एक नौका बंदरात आणा, तिच्यावर आमच्या पोरांना चढू द्या, डॅटचं बटण प्रत्येक खलाशाकडून दाबून घ्या आणि मुंबईच्या केंद्रात संदेश कसा दिसतो ते पडद्यावर दाखवा. ओळखपत्रं तपासायची तर तीही त्याच दिवशी तपासून टाका, आमची हरकत नाही.

आपला,
कोकण किनाऱ्यावरचा एक नागरिक

ता. क. या पत्राला उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, पण त्याची मराठी प्रत मच्छीमार सोसायट्यांच्या फलकांवर लागेल असं पाहावं. पत्र मी लिहिलं असलं तरी प्रश्न त्यांचे आहेत.